कुलूपबंद खोलीतली मोहाची डहाळी

या पानावर येणारे अनुभव मी रोज दुपारी वाचते. जेवण झालं की चष्मा लावायचा, पाय वर घ्यायचे आणि सुरू... पैंजण, पांढरी साडी, वळणावर लिफ्ट मागणारी बाई. तुमच्या भुतांना दुसरे कपडे मिळत नाहीत का, असं मी एकदा खाली विचारलंही होतं. कोणीतरी माझी कमेंट काढून टाकली. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा ज्यांना सूड घ्यायचा असेल त्यांनी सावकाश घ्यावा. मी आजी आहे, मला वेळच वेळ आहे.

आधी सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमचं घर छप्पन्नच्या धम्मदीक्षेचं. वडील शाळामास्तर. घरात अंगारा नाही, उतारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. लहानपणी मला एकदा ताप आला तेव्हा शेजारीण म्हणाली, पोरीला बाहेरचं लागलं. वडील म्हणाले, बाहेरचंच लागलं आहे, तिने बाहेर उघड्यावरचे पेरू खाल्ले. अशा घरात वाढलेली मी. आणि तरीही गोंडपिपरी तालुक्यातल्या एका कॉलेजात, भर दिवसा, माझ्याच कुलपाच्या आत जे झालं, त्याचा मला आजपर्यंत पत्ता लागलेला नाही.

कॉलेजचं नाव सांगणार नाही. पेन्शन तिथूनच सुरू आहे.

मी तिथे कॉम्प्युटर विभागाची इन्चार्ज होते. रिटायर व्हायला चार वर्षं होती. त्या काळातली मी आठवली की मला तिला एक चिमटा काढावासा वाटतो. कडक स्टार्चची साडी, गळ्यात आयकार्ड, चष्म्याला सोनेरी साखळी. खोलीवर पितळी पाटी लावून घेतलेली. आत यायचं तर चपला बाहेर काढायच्या. जन्मात देवळाची पायरी न चढलेल्या बाईने कॉम्प्युटरचं देऊळ करून ठेवलं होतं, आणि पुजारीण स्वतःच. कोणी काही शिकवायला आलं की ही बाई अशी हसायची, जणू समोरच्याने तिला जोडाक्षरं वाचायला दिली आहेत.

खोली इमारतीच्या टोकाला. पूर्वी ते केमिस्ट्रीचं स्टोअर होतं. मागे सागाची लावणी, लावणीपलीकडे खरं जंगल. लोखंडी दार एक. खिडकी एक, तिला बारीक जाळी — वानरं आत येऊन माउस पळवत होती म्हणून. कुलूप एक, किल्ल्या दोन. एक माझ्या पर्समध्ये. दुसरी प्राचार्यांच्या कपाटात, लाखेचं सील लावलेल्या पाकिटात, सीलवर माझी सही. आत सात मशीन. भिंतीवर स्विचची पेटी, जिच्यातून निळ्या वायरी सगळ्या मशीनना जातात. आणि कोपऱ्यात सर्व्हर — म्हणजे तो मोठा डबा, ज्यात कॉलेजचं सगळं साठवलेलं असतं.

त्या मार्चमध्ये त्या डब्यात एक गोष्ट अशी होती, जी दुसरीकडे कुठेच नव्हती. बीएस्सी फायनलच्या मुलांचे तिन्ही वर्षांचे प्रॅक्टिकलचे मार्क. प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांच्या हस्ताक्षरातल्या याद्या कपाटात होत्या, पण पावसाळ्यात त्या कपाटाला उधळी, म्हणजे वाळवी, लागली आणि आमच्या हाती मातीच राहिली. कॉपीची एक डिस्क होती. ती मी सर्व्हरलाच कायम जोडून ठेवलेली — हुशारी पाहा. शनिवारपर्यंत ते मार्क विद्यापीठात पोचायला हवे होते, नाहीतर त्या वर्गाचा निकाल थांबणार होता.

त्या वर्गात तारा मडावी होती. जिवतीच्या पहाडावरच्या एका गुड्यातली, म्हणजे पाड्यावरची. तिला तालुक्याच्या दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती, पण अट अशी की निकाल जूनच्या आत दाखवायचा. नाही दाखवला तर यादीतल्या पुढच्या माणसाला. ती आठवड्यातून दोनदा माझ्या दाराशी यायची, चपला काढायची आणि एकच प्रश्न विचारायची. मॅडम, मार्क गेले का? आणि मी म्हणायची, जातील गं, प्राचार्य सरांची एक सही राहिली आहे.

आता ज्या गोष्टीवरून हे सगळं घडलं, ती. ती भुताटकी नव्हे, सरकारी भाषेत ती सूचना-पत्रक होती.

आदल्या वर्षी विद्यापीठाने एक चांगलं काम केलं होतं. कुठल्याही कॉलेजवर कॉम्प्युटरचा हल्ला झाला, की त्या कॉलेजने काय झालं ते लिहून कळवायचं — मेल कुठल्या पत्त्यावरून आला, फाइलीचं नाव काय होतं, उघडल्यावर काय झालं. ते सगळं एकत्र करून रोज सकाळी सगळ्या कॉलेजांना पाठवायचं. आपण ते वाचायचं, ते पत्ते आपल्याकडे बंद करून टाकायचे. बस. त्याचं ट्रेनिंग द्यायला नागपूरहून रश्मी नावाची इंजिनिअर चंद्रपूरला आली होती. माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्या रांगेत बसून मी तिला विचारलं की आमच्या कॉलेजात काय चोरायला कोण येणार, वानरं? सगळा हॉल हसला. मला फार बरं वाटलं.

रश्मी हसली नाही. म्हणाली, "चोराले कॉलेजचं नाव माहीत नसते, मॅडम. तो सगळ्याच दारांना हात लावून पाहते. तुमच्या दाराशी आज जो येईल, तो काल कुठंतरी येऊन गेलेला असते. ज्यांच्याकडं आला, त्यांनाच विचारा ना."

मी वहीत लिहिलं: जेवण बरं होतं.

पण अगदीच खोटं सांगत नाही, सुरुवातीला मी ती पत्रकं वाचली. पाच दिवस. सहाव्या दिवशी त्यातले पत्ते बंद करायला गेले तर कळलं, प्राचार्यांची परवानगी लागते. नोट लिहिली. अकरा दिवसांनी नोट परत आली, वर शेरा — चर्चा करावी. चर्चेला गेले तर सर म्हणाले, दुसऱ्या कॉलेजांच्या भानगडी आपल्याले काऊन, इथी आपल्या कमी आहेत का? मग समिती नेमली. समितीत तीन प्राध्यापक, तिघांनाही साधा पासवर्ड बदलायला माझ्याकडे यावं लागायचं. मीटिंग दोनदा ठरली आणि दोनदा रद्द झाली. पहिल्यांदा एक जण रजेवर गेला म्हणून. दुसऱ्यांदा रस्त्यात वाघ बसला आहे अशी खबर आली म्हणून. ती खबर मात्र सगळ्यांनी वेळेवर ऐकली होती आणि सगळे मुकाट घरी थांबले होते. तेव्हा समितीची गरज पडली नाही.

अशा वेळी शहाणा माणूस भांडतो. इन्चार्ज मॅडमने काय केलं? तिने कागद सांभाळले. रोज पत्रकाची प्रिंट काढायची, त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारायचा, आवक रजिस्टरला नंबर टाकायचा, दोन भोकं पाडायची आणि बॉक्स फाइलमध्ये लावायचं. वाचायचं नाही. तपासणी आली तर एकही पत्रक गहाळ नाही असं दाखवता यावं, एवढीच तिची दृष्टी. फाइल जाड होत गेली तशी तिची छाती फुगत गेली.

असो. मंगळवार.

सकाळी दहाला मी खोलीपाशी आले तर उंबरठ्यावर एक डहाळी आडवी पडलेली. मोहाची, हातभर लांब, हिरवीगार पानं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. माझं गाव मूलच्या बाजूचं, जंगलाला लागून. मोहाच्या दिवसांत बायका उजाडायच्या आधी फुलं वेचायला निघायच्या, माझी आईही. जी सगळ्यांत पुढे असेल तिला वाघाचे ताजे पंजे दिसले, किंवा नुसता वास आला, तरी ती हिरवी डहाळी मोडून वाटेवर आडवी ठेवायची. मोडलेलं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला धोका. मागून येणारी तिथूनच परत फिरायची. कोणी ठेवली, खरंच होता का, असलं कोणी विचारत नसे. डहाळी ओलांडायची नाही, एवढाच नियम. माझे वडील, जे कोणाच्या नवसाला नारळसुद्धा फोडू देत नसत, ते या डहाळीपाशी सायकल वळवायचे. मी एकदा त्यांना अडवलं — तुम्ही तर हे काही मानत नाही. ते म्हणाले, "हे मानायचं नाही, पोरी. ही बातमी आहे. आधी गेला त्याने मागच्यासाठी ठेवलेली."

एवढं सगळं माहीत असलेली बाई त्या मंगळवारी काय करते? आमचे शिपाई शामरावभाऊ व्हरांड्यात होते, त्यांना हाक मारते आणि हे कचऱ्याचं काय म्हणून विचारते.

शामरावभाऊ जंगलातल्या गावचे, आपल्या पेनांना, म्हणजे गोंडांच्या देवांना, मानणारे, कमी बोलणारे. त्यांनी डहाळीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरले.

"म्या नाई ठेवली, बाई. पण तुमी वलांडू नका."

मी ओलांडली. उगीच नव्हे, चांगला लांब पाय टाकून, साडीची निरी उचलून. मग परत वळून डहाळी उचलली आणि व्हरांड्याबाहेर फेकून दिली.  संध्याकाळी शामरावभाऊंनी येऊन सांगितलं, उद्या सुट्टी पाहिजे, घरी मोह वेचायला माणूस नाही. मी सही केली.

बुधवारी कुलूप मी स्वतः उघडलं. डहाळी आत होती.

फरशीवर, दारापासून चार पावलांवर. मोडलेलं टोक दोन नंबरच्या मशीनकडे. ते स्कॉलरशिपचं मशीन, मुलांचे फॉर्म त्यावर असायचे आणि ते मी स्वतः चालवायचे. मी आधी खिडकी पाहिली. जाळी शाबूत, धूळसुद्धा हललेली नाही. मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन पाकीट मागितलं. लाख जशीच्या तशी, सही माझीच. सर म्हणाले, किल्ली हरवली का? मी म्हटलं, नाही, नुसतं तपासते. ते म्हणाले, तपासत चला, चांगलं आहे.

भीती वाटली का? खरं सांगते, राग आला. वाटलं, कोणीतरी पोरं माझी मजा करून राहिली आहेत, या म्हातारीला गावठी ठरवायला. त्या दुपारी तारा आली. तिला मी नीट उत्तर दिलं नाही. उद्या ये म्हटलं. तिने चपला घातल्या आणि जाता जाता माझ्या टेबलावरच्या डहाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं काही नाही. ती पण पहाडावरचीच.

गुरुवारी मी शामरावभाऊंना बरोबर घेऊनच कुलूप उघडलं. साक्षीदार असावा म्हणून.

डहाळी दोन नंबरच्या मशीनच्या की-बोर्डवर होती. मोडलेलं टोक पडद्याला टेकलेलं, आणि त्या टोकातून पांढरा चीक येत होता. ओला. एक थेंब की-बोर्डवर पडून पसरत होता. ज्यांनी मोहाची डहाळी मोडली आहे त्यांना ठाऊक आहे, चीक किती वेळ असा वाहतो. फार तर काही मिनिटं. आणि खोलीला आदल्या संध्याकाळपासून कुलूप.

मी डहाळी उचलायला हात पुढे केला, तर शामरावभाऊ मागून हळूच म्हणाले, "बाई, आता मोहाले पानं कुठी हायेत?"

मला कळलंच नाही ते काय म्हणतात. त्यांनी खिडकीकडे हात केला. सागाच्या लावणीपलीकडे दोन मोठे मोह दिसतात. दोन्ही उघडे. मार्च संपत आलेला, पानं गळून गेलेली, काड्यांच्या टोकाला नुसते फुलांचे झुबके. नवी पानं यायला अजून वेळ होता, आणि येतात तेव्हा ती तांबडी येतात. माझ्या समोरची पानं गर्द हिरवी होती, जून झालेली, जशी दिवाळीला असतात. तीन दिवस मी ती हातात घेत होते, फेकत होते, आणि जंगलाच्या कडेला जन्मलेल्या बाईच्या हे लक्षात आलं नव्हतं.

मी खुर्चीवर बसले. शामरावभाऊ चपला घालूनच आत उभे होते, तेही मला आता आठवतं, तेव्हा दिसलं नाही. मी त्यांना म्हटलं, भाऊ, ही कोणाची थट्टा असेल तर सांगून टाका, मी कोणाला बोलणार नाही.

ते म्हणाले, "डहाळी मांडते तो आपल्याआधी गेलेला असते. तुमच्याआधी कोन गेलं व्हतं ते पाहा ना, बाई. मले काय इचारता?"

आमच्याआधी कोण गेलं होतं. कुठे? कॉम्प्युटरवर काय कोणी आधी जातं? मी त्यांना खोटं ठरवायलाच बॉक्स फाइल ओढली, एवढं प्रामाणिकपणे कबूल करते. कुतूहल वगैरे काही नव्हतं. फाइल उघडली आणि वरून तिसरं, सोमवारचं पत्रक वाचलं. सोमवारचं, म्हणजे पहिली डहाळी पडली त्याच्या आदल्या दिवसाचं.

त्यात लिहिलं होतं: दक्षिणेकडच्या एका कॉलेजात 'स्कॉलरशिप दुरुस्ती यादी' नावाची फाइल मेलने आली. उघडल्यावर काहीच दिसत नाही, कोरं पान. त्यानंतर तीन दिवस ते शांत बसून राहतं. चौथ्या दिवशी दुपारी त्या मशीनमधल्या आणि वायरीने जोडलेल्या प्रत्येक मशीनमधल्या सगळ्या फाइली कुलूपबंद करतं. आधी जोडणी तोडा, मग बाकीचं.

खाली माझा 'प्राप्त'चा शिक्का. माझी सही. वेळ, सकाळी दहा पन्नास — मी वेळही टाकायचे, शिस्तीची ना.

दोन नंबरच्या मशीनवर पाहिलं. 'स्कॉलरशिप दुरुस्ती यादी'. सोमवार, सकाळी अकरा वीस. उघडणारी मीच. कोरं पान दिसलं तेव्हा मी विद्यापीठाच्या नावाने बोटं मोडली होती, तेही आठवलं. कागदावर शिक्का मारून जेमतेम अर्धा तास झाला होता.

आणि आज चौथा दिवस होता.

तुम्हाला वाटेल आता मी धावत जाऊन वायर काढली. नाही. मी परवानगी मागायला गेले. इतक्या वर्षांची सवय, पायच तिकडे वळले. सर मीटिंगमध्ये, फोन बंद. बाहेर बसले. वीस मिनिटं बसले, आणि त्या वीस मिनिटांत मला सारखी तारा दिसत होती, उद्या ये म्हटल्यावर चपला घालणारी. मग उठले. खोलीत आले, स्विचच्या पेटीचा प्लग ओढला, त्याची वायर पेटीतून काढली, गुंडाळली आणि पर्समध्ये घालून चेन लावली. मग सर्व्हरची निळी वायर काढली. मग पर्स मांडीवर घेऊन दोन नंबरच्या मशीनसमोर बसले.

पुढचे तीन तास माझ्या नोकरीतले सगळ्यांत वाईट. ऑफिसचं नेट गेलं. क्लार्क आले, प्राध्यापक आले, शेवटी सर आले. कोणाच्या परवानगीने? मी पत्रक दाखवलं. ते म्हणाले हे तर त्या कॉलेजचं आहे, आपलं कुठाय? मी म्हटलं, सर, ती फाइल आपल्याकडे आली आहे, मीच उघडली. ते म्हणाले, मग तीन दिवस सगळं नीट चालू आहे ना? उगीच घाबरवून राहिल्या तुम्ही. वायर लावा. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी पर्स मागितली नाही, एवढी सभ्यता होती त्यांच्यात. समितीच्या एका सदस्याने मात्र सुचवलं की बाईंना बरं नसेल तर घरी सोडावं.

मी काय सांगणार होते? मोहाची डहाळी पडली म्हणून, असं म्हटलं असतं तर चार वर्षं आधीच रिटायर झाले असते.

पावणेतीनला दोन नंबरचा पडदा काळा झाला. सर दारातच उभे होते, माझ्यासाठी मेमो कसा लिहायचा ते क्लार्कला सांगत. पडद्यावर लाल अक्षरं आली. तुमच्या फाइली आता आमच्याकडे बंद आहेत, किल्ली हवी असेल तर या पत्त्यावर लिहा, वगैरे. त्या मशीनमधलं सगळं गेलं. बाकीची सहा मशीन आणि सर्व्हर, जोडणीच तुटलेली होती म्हणून, तसेच राहिले.

सरांनी पुढे येऊन ती लाल अक्षरं वाचली. मग म्हणाले, समितीची मीटिंग बोलवा.

शुक्रवारी मी सर्व्हर एकटा चालू केला, मार्कांच्या याद्या छापल्या, सरांच्या सह्या घेतल्या — ती राहिलेली एक सही दोन मिनिटांत झाली — आणि शनिवारी एसटीने जाऊन विद्यापीठात हातात दिल्या. पोच घेतली. तारा सोमवारी आली तेव्हा तिने प्रश्न विचारायच्या आत मी पोच दाखवली. तिने ती दोनदा वाचली. निकाल वेळेत लागला. मागच्या वर्षी शुगर तपासायला गेले तर तिनेच माझं रक्त काढलं. "हात सैल सोडा, मॅडम, तुमी लई ताठ धरता," म्हणाली.

पण सगळं गोड झालं असं समजू नका. स्कॉलरशिपचे त्या वर्षीचे सगळे फॉर्म गेले. मुलांना पुन्हा कागद गोळा करावे लागले, काहींना दाखल्यासाठी अहेरीपर्यंत चकरा माराव्या लागल्या, आणि त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या योग्यच होत्या. मी सोमवारचं पत्रक सोमवारी वाचलं असतं तर ती फाइल उघडलीच नसती. आणि मेमोही मिळालाच. विनापरवानगी इंटरनेट खंडित केल्याबद्दल. त्यावर आवक नंबर मीच टाकला.

आता शोध. तुम्ही विचाराल त्याआधी सांगते. शामरावभाऊंवर मला संशय होताच, पण बुधवारी ते आपल्या गावी होते, सकाळपासून, सगळ्या गावाने पाहिलेलं. पाकिटाचं सील शाबूत होतं. खिडकीतून काडीसुद्धा आत येत नाही. गुरुवारची डहाळी मी बॉटनीच्या सरांना दाखवली. त्यांनी भिंग लावून पाहिली. म्हणाले, मोहच आहे, पान जून आहे, या दिवसांतलं नाही. लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, मॅडम, माझी पण नोकरी आहे.

माझी नात मानसशास्त्र शिकते. ती म्हणते, आजी, शिक्का मारताना तुझ्या डोळ्यांनी पत्रक वाचलं असेल, मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्याला ते कळलं असेल, आणि त्यानेच तुला खूण दाखवली. मला हे पटतं. अगदी सोळा आणे पटतं. फक्त मेंदूच्या कोपऱ्यात मोहाचा चीक कुठून येतो, तेवढं तिने सांगावं. तो की-बोर्डवर वाळून बसला होता. 'म' अक्षराचं बटण पुढे कायम चिकटायचं.

एक काम मात्र मी केलं, जे फार आधी करायला हवं होतं. रश्मीला फोन करून विचारलं की ते सोमवारचं कोणी कळवलं होतं. तिने नंबर दिला. सिरोंच्याच्या रस्त्यावरचं एक छोटं कॉलेज, तिथल्या क्लार्कबाई. त्यांचं सगळं गेलं होतं, सहा वर्षांचं. सगळं गेल्यावर घरी बसून, चिडून, त्यांनी मोबाइलवर ते लिहून पाठवलं होतं, बाकी कोणाचं तरी राहावं म्हणून. मी त्यांचे आभार मानले. मग बरंच इकडचं तिकडचं बोलून, फोन ठेवायच्या आधी, लाज सोडून विचारलं — तुमच्या दारात काही पडलं होतं का हो, त्या आठवड्यात? झाडाची डहाळी वगैरे?

 त्या म्हणाल्या, "नाई, बाई. आमच्या इथी कोन ठेवन? आमच्याआधी कोनी गेलंच नव्हतं."

त्यांनी मला डहाळीचं काय, असं उलट विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. ती कोणी तोडली, कुठल्या झाडाची, कुलपाच्या आत कशी आली — मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा, फक्त पांढऱ्या साडीवर नेऊ नका.

मागच्या महिन्यात एकाच्या निरोप समारंभाला कॉलेजात गेले होते. माझ्या खोलीत आता एसी आहे. नवा इन्चार्ज चांगला मुलगा आहे, हुशार, चपला बाहेर काढायला लावत नाही. चहा मागवला. कपाटात मला बॉक्स फाइली दिसल्या, ओळीने, पाठीवर वर्षं लिहिलेली. एक उघडून पाहिली. पत्रक, शिक्का, नंबर, दोन भोकं. मी विचारलं, हे तुम्ही वाचता का?

तो हसला, अगदी मी हसायची तसा. "तुमची गोष्ट इथी सगळ्यांले माहीत आहे, बाई," म्हणाला. "काही टेन्शन नाई. डहाळी पडली का लगेच वायर काढतो."

मी चहा तसाच ठेवला, फाइल मांडीवर घेतली आणि सगळ्यांत वरचं पत्रक त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्याचा फोन वाजला.